दिशादर्शक उपग्रहाचे पिधान आणि वातावरणाचे तापमान

प्रश्न : जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांच्या लहरींवरून वातावरणाचे तापमान काढतात, असे वाचनात आले. जे उपग्रह आपल्याला ठिकाण सांगतात, त्यांच्याकडून तापमान कसे कळते? त्यासाठीचा रिसीव्हर मोबाइलमधल्या रिसीव्हरसारखाच असतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आकाशनिरीक्षकांना ‘पिधान’ हा शब्द परिचित आहे. रोहिणी तारका चंद्रबिंबाआड जाते तेव्हा तिचे पिधान झाले असे आपण म्हणतो. चंद्राला वातावरण नसल्याने ती क्षणात दिसेनाशी होते; वातावरण असते तर तिचा प्रकाश आधी वाकला असता, मंदावला असता आणि मग लोपला असता. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर-४ हे यान मंगळाआड गेले, तेव्हा त्याच्या रेडिओ लहरींतील बदलांवरून तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे उमगले. पृथ्वीवर दिशादर्शक उपग्रहांच्या साहाय्याने हाच प्रयोग १९९५ साली मायक्रोलॅब-१ या उपग्रहावरून प्रथम करण्यात आला.

जीपीएसचे दिशादर्शक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, तर रिसीव्हर बसवलेला छोटा उपग्रह ५०० ते ८०० किलोमीटरवरून फिरतो. त्याच्या दृष्टीने जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या कडेवर सतत उगवत आणि मावळत असतात. एखादा उपग्रह मावळू लागला की त्याच्याकडून येणारी लहर वातावरणाच्या एकेका खालच्या थराला चाटून जाते, आणि हवा जितकी दाट तितकी ती अधिक वाकते व रेंगाळते. दोन्ही उपग्रहांच्या कक्षा अचूक ठाऊक असल्यामुळे निर्वात अवकाशातून लहरीला किती अंतर पडले असते, याचा हिशेब आधीच मांडता येतो. त्याहून जे अंतर जास्त भरते, ते वातावरणामुळे. साधारण ८० किलोमीटर उंचीवर ही वाढ जेमतेम काही मिलिमीटर असते, तर जमिनीलगत ती किलोमीटरच्या घरात जाते, आणि हा सारा खेळ एक-दोन मिनिटांत आटोपतो. तरीही लहरीचे एकूण वाकणे फार तर एक अंशाच्या आसपास असते. ठिकाण शोधताना आपण जिला चूक म्हणून वजा करतो, तीच ही वाढ. हवामानशास्त्रज्ञाला नेमकी तीच हवी असते.

वाकण्याच्या कोनावरून प्रत्येक उंचीवरील अपवर्तनांक (हवा लहरीला किती वाकवते हे सांगणारा आकडा), त्यावरून हवेची घनता, मग दाब आणि शेवटी तापमान अशी ही गणिताची उतरंड आहे. वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थरही लहर वाकवतो. परंतु त्याचा परिणाम वारंवारतेनुसार बदलत असल्याने १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी एकाच वेळी मोजून तो बव्हंशी वेगळा काढता येतो. साधारण ८ ते २५ किलोमीटरच्या कोरड्या हवेत तापमान अंशाच्या आतबाहेर अचूक मिळते. त्याखाली मात्र बाष्पही लहर वाकवत असल्यामुळे किती वाटा तापमानाचा आणि किती बाष्पाचा, हे केवळ या मोजणीवरून सांगता येत नाही. तेथे हवामानाच्या संगणकीय प्रतिमानाची (मॉडेलची) जोड द्यावी लागते.

आता रिसीव्हरविषयी. तत्त्व मोबाइलमधलेच, पण काम निराळे. त्याचे अँटेना पुढे आणि मागे, पृथ्वीच्या कडेकडे रोखलेले असतात आणि तो लहरीची कला (फेज), म्हणजे ती आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, सेकंदाला ५० किंवा त्याहून अधिक वेळा टिपतो. खरी कसोटी शेवटच्या काही किलोमीटरांत लागते. सामान्य रिसीव्हर लहरीला जणू बोट धरून चालतो. उष्ण कटिबंधातील समुद्रावरच्या दमट हवेत तीच लहर अनेक वाटांनी फुटून येते, तिचा जोर क्षणाक्षणाला बदलतो आणि बोट सुटते. सुरुवातीच्या रिसीव्हरांची मोजणी म्हणूनच जमिनीच्या बरीच वर थांबे, आणि जेथे बाष्प सर्वाधिक असते नेमका तोच खालचा भाग सुटे. यावरचा उपाय मला या विद्येतील सर्वांत देखणा भाग वाटतो. रिसीव्हरने लहरीचा पाठलाग करायचाच नाही. ती कोणत्या वारंवारतेवर येईल याचा कक्षांवरून आधीच अंदाज बांधायचा, त्या अंदाजाभोवती जे येईल ते तसेच नोंदवायचे आणि निवडानिवड पुढे जमिनीवर करायची. २००६ साली सोडलेल्या अमेरिका-तैवानच्या कॉस्मिक मालिकेतील सहा उपग्रहांनी ही रीत रुळवली.

ही सगळी मोजणी अखेर वेळेची आहे आणि ती अणुघड्याळांवर आधारलेली आहे, त्यामुळे इतर उपकरणांप्रमाणे ती वर्षागणिक सरकत नाही. फुग्यांद्वारे होणारी निरीक्षणे बहुतांशी जमिनीवरून, दिवसातून दोनदा होतात. अरबी समुद्रासारख्या विस्तीर्ण पाण्यावर ती क्वचितच मिळतात. तेथे हे पिधान कामी येते. आपल्या ओशनसॅट-२ (२००९) आणि मेघा-ट्रॉपिक्स (२०११) या उपग्रहांवर इटलीत घडवलेले रोसा हे असेच उपकरण होते. २०१९ मध्ये गेलेल्या कॉस्मिक-२ च्या कक्षा विषुववृत्ताशी २४ अंशांनी कललेल्या असल्याने महाराष्ट्रही त्यांच्या पट्ट्यात येतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्यावी. उभ्या दिशेने ही पद्धत काहीशे मीटरांचे थर वेगळे दाखवते, परंतु आडव्या दिशेने तिचे उत्तर दोन-तीनशे किलोमीटरांतील हवेची सरासरी असते. आपल्या जिल्ह्यात धो-धो पावसाचे महाबळेश्वर आणि कोरडा माण तालुका यांत जे अंतर आहे, ते त्या एका सरासरीत सहज सामावते. तो फरक टिपण्यासाठी जमिनीवरची पर्जन्यमापकेच हवीत.