रंग काढून टाकला म्हणजे कृष्णधवल फोटो होत नाही

कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा, पण फाइल रॉमध्येच साठवा, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या स्वरूपात. स्क्रीनवर करडं चित्र दिसतं आणि फाइलीत रंग शाबूत राहतो. हा रंग पुढे फार उपयोगी पडतो. बाजारात लाल मिरचीच्या ढिगाशेजारी हिरवी मिरची डोळ्याला ठसठशीत वेगळी दिसते. करड्यात दोन्ही जवळपास एकच होतात. संपादनात लाल रंगाचा उजळपणा बदलणारा स्लायडर ३० ने वर आणि हिरवा तेवढाच खाली घेतला की ढीग सुटे होतात. निळा मात्र जपून खाली न्या. आभाळ गडद करण्याच्या नादात कणकण उठतात आणि झाडांच्या कडेला पांढरी रेघ येते.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, सरावाला उत्तम. काळ्या दगडाने फ्रेम भरली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला मध्यम करडा समजतो आणि दगड राखाडी, धुतल्यासारखा येतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, १ ते १.५ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). छताचं कोरीव कमळ तिरप्या उजेडात घ्या. समोरून फ्लॅश मारलात तर सावल्या जातात नि कोरीवकाम सपाट होतं.

पारखताना डोळे किलकिले करून बघा. नजर पहिल्यांदा जिथे जाते, तिथे विषय आहे का? कोपऱ्यात पांढरा ठिपका असेल तर नजर तिकडेच पळते. शेवटी ८ × १० इंची प्रिंट काढा. सावलीतला तपशील बुजलाय की नाही, हे मोबाइलच्या उजळ पडद्यावर कळत नाही.