छोट्या मशीन शॉपला डॅशबोर्डचा उपयोग होतो का?

प्रश्न: भोसरीत माझं मशीन शॉप आहे, बारा कामगार, हिशेब टॅलीत. पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आलेख-रिपोर्टचं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे मुख्य आकडे एका नजरेत दाखवणारं पान, करून देणारा ४० हजार मागतोय. त्याने धंद्यातला धोका खरंच कमी होतो का?

उत्तर:

होतो, पण ४० हजार आत्ता घालू नका. एवढ्या शॉपचा गळा आवळला जातो तो बहुतेक वेळा वसुलीपायी. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचाच, पार्टी मात्र ६०-९० दिवसांनी पैसे सोडते. ही ओढाताण महिनाभर आधी दिसली पाहिजे. मागच्या विक्रीचे रंगीत आलेख तिथे कामाचे नाहीत. गुगल शीटचं एक पान पुरतं.

सुरुवात येण्यांपासून करा. टॅली प्राइममध्ये बिल्स रिसीव्हेबलचा रिपोर्ट उघडा, ऑल्ट-ई दाबून एक्सेलमध्ये काढा आणि दर सोमवारी शीटच्या एका टॅबमध्ये चिकटवा. शीटचं लोकेल (देशाचं सेटिंग) इंडिया ठेवा, नाहीतर ०५-०६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे धरली जाते आणि सगळे दिवस चुकतात. मग पार्टीप्रमाणे चार कप्पे करा: मुदतीत, १ ते ३० दिवस उशीर, ३१ ते ६०, त्यापुढे.

बहुतेक डॅशबोर्ड इथेच फसतात, आणि दोष सॉफ्टवेअरचा नसतो. आलेली रक्कम ‘अगेन्स्ट रेफरन्स’ने त्या-त्या बिलावर न टाकता ‘ऑन अकाउंट’ टाकली, तर पार्टीचा बॅलन्स बरोबर येतो, पण जुनी बिलं उघडीच राहतात. तुम्ही उशिराचा लाल आकडा बघून फोन करता आणि पार्टी पैसे भरल्याचा पुरावा दाखवते. दोनदा असं झालं की लाल रंगाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. टीडीएसचंही तेच: १ लाखाच्या जॉबवर्कवर २ टक्के कापले आणि एन्ट्री झाली नाही, तर २,००० रुपये त्या बिलावर लटकून राहतात. रिजेक्शनच्या डेबिट नोटा (नाकारलेल्या मालापोटी पार्टीने बिलातून कापलेली रक्कम) वेगळ्याच. म्हणून आधी अकाउंटंटला बसवून गेल्या सहा महिन्यांच्या पावत्या बिलवार जुळवून घ्या. हे कंटाळवाणं काम म्हणजे निम्मा डॅशबोर्ड.

मुदत बिलाच्या तारखेपासून मोजू नका. मोठ्या कंपन्या बहुधा जीआरएनपासून, म्हणजे माल मिळाल्याच्या त्यांच्या नोंदीपासून, मोजतात, त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर शेजारी ४५ दिवसांची तारीखही टाका. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे थकवायला कायद्यात त्यापुढे मुभा नाही, मग करारात ९० दिवस लिहिलेले का असेनात.

दुसरा भाग पुढच्या १३ आठवड्यांच्या रोकडीचा. जमेच्या बाजूला पार्टी प्रत्यक्षात जेव्हा पैसे देते तो आठवडा धरा; जी नेहमी २० दिवस उशीर करते, ती या वेळीही करणार. नावे बाजूला पगार, ७ तारखेचा टीडीएस, १५ ची ईएसआय (आणि लागू असेल तर पीएफ), २० चा जीएसटी, बँकेचा हप्ता, वीजबिल. कुठल्याही आठवड्यात शिल्लक, सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) धरूनही, एका पगाराच्या खाली गेली की तो चौकोन लाल व्हावा.

तिसरा आकडा सहसा कोणी मांडत नाही: एका पार्टीत एकूण किती अडकलंय. समजा येणं ९ लाख, तिच्याच ड्रॉइंगचा तयार माल अडीच लाख, मशीनवर चालू काम दीड लाख. तो माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, त्यामुळे जोखीम ९ नव्हे, १३ लाखांची. ही रक्कम दोन महिन्यांच्या पगार-हप्ता-भाड्यापुढे गेली, तर त्या पार्टीचं नवं काम ॲडव्हान्सशिवाय धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक लाल चौकोनापुढे नाव आणि कृती लिहा. मुदतीपुढे ७ दिवस झाले की अकाउंटंटचा फोन, १५ ला तुमचा स्वतःचा, ३० ला डिस्पॅच बंद. हे ठरलेलं नसेल तर डॅशबोर्ड नुसता बघायला राहतो.

सलग तीन महिने हे पान खरे आकडे दाखवू लागलं आणि दर सोमवारच्या चिकटवाचिकटवीत तासाभराहून जास्त वेळ जाऊ लागला, तर ४० हजारवाल्याला बोलवा. त्याला हेच पान दाखवून सांगा की टॅलीतून हे आपोआप भरून दे, बाकी काही नको.