कोल्हापुरात राहून इम्पोर्टेड आणि क्राफ्ट बिअरचा नाद परवडतो का?

तुम्ही विचारलंय की आजवर नेहमीची स्ट्राँगच घेतली, आता इम्पोर्टेड आणि क्राफ्ट (छोट्या ब्रुअरीत थोडी-थोडी बनवलेली) चाखायचीय, तर तिप्पट पैसे घालण्यात अर्थ आहे का आणि सुरुवात कुठनं करायची. मी काय तज्ज्ञ नाही, पण सात-आठ वर्षं या नादात बरेच पैसे उडवलेत, म्हणून सांगतो.

इम्पोर्टेड या शब्दावर भाळू नका. बहुतेक बिअर व्हिस्कीसारखी जपून ठेवायची वस्तू नाही, ताजी असेल तेवढी चांगली. ती जहाजानं येणार, गोदामात पडणार, मग आपल्या बिअर शॉपीत ऐन मे महिन्यात फळीवर तशीच उभी, कारण इथं गिऱ्हाईक कमी आणि काउंटरवर प्रश्न एकच, "स्ट्राँग का माइल्ड?". मी एकदा शोकेसमधली हिरवी बाटली आणली, उघडली तर जळक्या रबराचा वास आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. दुकानदार म्हणाला, "फॉरेनची चव अशीच असती साहेब." आणि मला ते खरंपण वाटलं! पुढं कळलं की उजेड लागला की हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडूपणातनंच तो वास तयार होतो, तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, आणि पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा आणि उष्णता लागलेली. तेव्हापास्नं आधी तारीख बघतो आणि कॅन असेल तर कॅनच.

सुरुवात व्हीट, म्हणजे गव्हाच्या बिअरनं करा. होगार्डन मिळाली तर घ्या, त्यात संत्र्याची साल आणि चक्क धणे असतात, म्हणजे आपल्या कांदा-लसूण चटणीतलेच, फक्त तिखटाशिवाय. एर्डिंगरसारखी जर्मन घेतली तर केळं आणि लवंगेचा वास येतो, पण आत केळं नाही की लवंग नाही, सगळी बिअर आंबवणाऱ्या यीस्टची करामत. ओतताना तळाशी दोन बोटं बिअर ठेवायची, बाटली गोल हलवायची आणि तो गढूळ गाळ फेसावर सोडायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मित्र म्हणाला, "भावा, खराब झाल्या ही, परत दे जा."

आणि फ्रीजरमध्ये घालून दगड करू नका राव, एवढ्या थंडीत जीभ बधिर होते, मग १०० ची काय आणि ४०० ची काय. बेल्जियमच्या मठातली शिमे ब्लू ९ टक्क्यांची आहे, ती तर फ्रीजमधनं काढून थोडा वेळ बाहेर ठेवूनच प्या, सावकाश. (गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकीत बॉक्स घालून आणायच्या भानगडीत पडू नका, परवाना नसेल तर एक्साईजवाले धरतात.)

क्राफ्टसाठी मात्र मी सरळ पुणे गाठतो. तिथं २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरी) एक, मग मुंढव्यात इंडिपेन्डन्स आली. टाकीतनं थेट ग्लासात, त्यामुळं ताजेपणात बाटली हिच्यापुढं टिकतच नाही. बऱ्याच ठिकाणी सॅम्पलर मिळतो, पाच-सहा छोटे ग्लास, तोच घ्या, एकाच पाइंटवर, म्हणजे मोठ्या ग्लासावर, पैसे लावू नका. गाडी नेत नाही, कोयना एक्स्प्रेसनं जातो आणि मुक्काम करतो.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए (जास्त हॉप्सची कडू बिअर) चुकूनसुद्धा नको, हॉप्सचा कडूपणा आणि तिखट एकत्र झालं की कानातनं धूर निघतो, मी भोगलंय. तांबड्याला व्हीट. सुक्क्या मटणाला स्टाउट, म्हणजे काळी बिअर, भाजलेल्या जवाचा तो कॉफीसारखा वास भाजलेल्या खोबऱ्याशी असा जुळतो की बास. पांढऱ्या रश्श्याला अजून काही सापडलं नाही, तो आपला नुसताच वाटीनं पितो.