गाय उलटते म्हणून दुकानातलं टॉनिक टोचू नका

प्रश्न : गाय तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. वळूही मंदावलाय. शेताशेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. दुकानदार म्हणतो, ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’चं टॉनिक टोचा आणि खनिज मिश्रण दुप्पट करा. करू का?

उत्तर : नाही. दोन्ही करू नका.

नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे नसांच्या वाढीला लागणारं प्रथिन. वळूच्या रेतातही ते असतं. लामा, अल्पाका यांच्यात रेतातल्या याच प्रथिनामुळे अंडं सुटतं, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. गायीचं अंडं मात्र तिच्या माजाच्या चक्रात आपोआप सुटतं. गायीत या प्रथिनाने पीतपिंडाला (अंडं सुटल्यावर अंडाशयात बनणारी, गर्भ टिकवणारी गाठ) बळ मिळतं, असं प्रयोगांत दिसलंय, पण गोठ्यात टोचायचं असं इंजेक्शन पशुवैद्यकाच्या रोजच्या वापरात नाही. त्या नावाखाली बहुतेक वेळा ब जीवनसत्त्वाची बाटली हातात पडते. ती टोचून अंगातलं शिसं निघत नाही.

आता खनिज मिश्रण. जस्त पुरेसं असेल तर कॅडमियम या शिशासारख्याच विषारी धातूचा मारा काहीसा कमी होतो, हे खरं. दुकानदार एवढंच सांगतो. जस्त जादा झालं की तांबं अंगी लागत नाही, आणि सेलेनियम जादा झालं तर ते स्वतःच विष आहे. मात्रा पाकिटावरची, तीही एकाच कंपनीची. दुसरं म्हणजे खनिज मिश्रणात खताच्या प्रतीचं फॉस्फेट ‘तेच आहे, स्वस्त आहे’ म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. त्यात कॅडमियम आणि फ्लोरिन असू शकतं. ते जनावरासाठी नाही. पुन्हा सांगतो, नाही.

शिसं आणि कॅडमियम वेगवेगळ्या वाटेने येतात. शिसं मुळातून वर फार चढत नाही. भट्टीची धूळ पानावर बसते आणि आखूड गवत चरताना मातीबरोबर शिसं पोटात जातं. कॅडमियम मुळातून पानात सहज जातं, आम्लधर्मी जमिनीत जास्तच. म्हणून माझा आग्रह एकच : चारा जमिनीलगत खरडू नका, वीतभर बुडखा सोडून कापा, झटकून मगच टाका. भट्टीकडच्या बांधाचा चारा तर आजच बंद. अशा शेतांत मी आधी हेच करायला लावतो, औषधाचं मग. वासरं चाटतील अशा जागी बॅटरीचे तुकडे, जुना रंग, वापरलेलं ऑइल ठेवू नका.

पण तीनदा उलटली म्हणजे धातूच, असं धरून चालू नका. सगळ्यात जास्त चूक वेळेची असते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गर्भाशयाचा दाह आहे का, हे पशुवैद्यकाकडून बघून घ्या. माज आणायची हॉर्मोनची सुई दुकानदाराच्या सांगण्यावरून कधीच नाही.

वळूबाबत घाई करू नका. कॅडमियम वृषणातला रक्त आणि शुक्रपेशी यांच्यामधला पडदा फाडतं. शुक्रपेशी तयार व्हायला वळूत साधारण 61 दिवस लागतात, पुढे नळीतून पिकून यायला आणखी आठ-पंधरा दिवस. चारा बदलून पंधरवड्यात ‘फरक नाही’ म्हणून औषध बदलणं म्हणजे पैसे वाया. रेताची तपासणी आता एकदा करा, पुन्हा अडीच महिन्यांनी.

नेहमीच्या माती तपासणीच्या अहवालात शिसं-कॅडमियम सहसा नसतं. अर्जावर वेगळं लिहा. शुल्कात सवलत आहे का ते माती तपासणीच्या कार्यालयात विचारा.

गायीची शिशाची तपासणी गोठू न दिलेल्या अख्ख्या रक्ताची करा. शिसं तांबड्या पेशींत बसतं, त्यामुळे नुसतं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) पाठवलं तर अहवाल चांगला येतो आणि विष अंगातच राहतं. अहवाल येईपर्यंत त्या गायीचं दूध घरात वापरू नका, वासरालाही पाजू नका.