एकाने शिकलेलं बीआयएम सगळ्या ऑफिसचं कसं व्हावं?

आमच्या प्रकाशयोजनेच्या ऑफिसात सहा जणांनी रेव्हिट या बीआयएम (इमारतीचं माहितीसकट संगणकीय मॉडेल करण्याची पद्धत) सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण घेतलं. वर्ष झालं, तरी मॉडेल एकटी ज्युनिअर मुलगीच करते. कुठे चुकलं?

प्रशिक्षण बटणांचं झालं, कामाची वाटणी मात्र जुनीच राहिली. डिझायनरने ठरवायचं आणि दुसऱ्याने काढायचं, हे कॅडमध्ये (संगणकावरच्या साध्या रेखाटनांत) चालून जायचं. मॉडेलमध्ये दिवा ठेवला की त्याची आयईएस फाइल (दिव्याचा प्रकाश कसा पसरतो याची माहिती), वॅट, रंगतापमान, बसवण्याची उंची, सर्किट हे सगळं भरावं लागतं. हे निर्णय अनुभवाचे आहेत आणि आज ती मुलगी ते अंदाजाने घेते आहे. तिच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. वरिष्ठांनी निदान एका खोलीचे दिवे तिच्याशेजारी बसून स्वतः ठेवावेत. वेळ लागेल, लागू द्या. भिंतीपासून दिवा किती लांब ठेवायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं, पण कुठे लिहिलेलं नसतं. ते अशा वेळीच बोलण्यात येतं.

मॉडेलमध्ये डक्ट (छतातल्या हवेच्या वाहिन्या) आणि दिवे एकाच जागी येऊन धडकतात. दर प्रकल्पात तेच. आम्ही दुरुस्त करतो, पुन्हा होतं.

संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी 1978 मध्ये हाच फरक मांडला होता : चूक सुधारणं वेगळं आणि जिच्यातून चूक होते ती समजूत बदलणं वेगळं. दिवा सरकवलात, म्हणजे पहिलं झालं. छताच्या पोकळीत किती जागा आहे हे कुणी आणि कधी विचारायचं, तो नियम बदललात तर दुसरं होईल. दर धडकेपुढे एक ओळ लिहा : ‘आपण काय गृहीत धरलं होतं?’ महिन्याने त्या ओळी सगळ्यांनी एकत्र वाचा आणि टेम्पलेट (प्रत्येक प्रकल्प जिच्यापासून सुरू होतो ती फाइल) बदला.

रेव्हिट लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) दाखवतं. मग डायलक्स हे प्रकाशगणनेचं सॉफ्टवेअर कशाला?

रेव्हिट ‘स्पेस’साठी (मॉडेलमधल्या खोलीसाठी) दाखवतं ती लुमेन पद्धतीने, म्हणजे दिव्यांचा एकूण प्रकाश क्षेत्रफळावर वाटून काढलेली सरासरी. ईएन 12464-1 हे युरोपीय मानक ऑफिसातल्या लेखन-वाचनासाठी 500 लक्सबरोबरच 0.6 समानता (सर्वांत कमी प्रकाश भागिले सरासरी) आणि यूजीआर (दिव्यांच्या चकाकीचा निर्देशांक) 19 ची मर्यादाही घालतं. त्या सरासरीतून समानता आणि यूजीआर कळत नाहीत.

उत्पादकांच्या तयार फॅमिली (रेव्हिटमध्ये ठेवायचे दिव्यांचे नमुने) वापराव्यात का?

जशाच्या तशा नकोत. अनेक फॅमिली जड असतात आणि प्रत्येकीत पॅरामीटरची (माहितीच्या रकान्यांची) नावं निराळी. स्वतःच्या चार-पाच साध्या फॅमिली करा आणि आयईएस फाइल तेवढी उत्पादकाची घ्या. ही लायब्ररी सांभाळायला एक जण नेमा आणि त्या कामाचे तास वेळापत्रकात धरा.