ब्रेक कुईकुई करतायत? पॅड घेण्याआधी पिना बघा

सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येऊन थांबत असेल तर सोडून द्या. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, डिस्कवर (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती) रात्रीतून गंज धरतो आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅडच तो घासून काढतात. आवाज दिवसभर टिकला तरच चाक काढा.

जागा सपाट हवी आणि गाडी जॅक स्टँडवर (वजन पेलणारा पक्का टेकू). नुसत्या जॅकवर कधीच नाही!

आता त्या चाकाचे दोन्ही पॅड काढून शेजारी धरा. आतला झिजलेला, बाहेरचा जाड? बहुतेकदा कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, अडकलेल्या असतात. नवशिके इथेच चुकतात: पॅड नवे, पिना जुन्याच, मग नवा पॅडही तसाच झिजतो. पिना काढून ब्रेक क्लीनरने पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, पिनांवरचे रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणं) फाटले असतील तर बदला. पिन हाताने सहज सरकली पाहिजे. पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टनच मागे जात नसेल तर मेकॅनिक गाठा, ते काम आत्ता तुमचं नाही.

बाकी एवढंच:
- पॅडचं अस्तर (घासणारा थर) 3 मिमी उरलं की पॅड बदला, डाव्या-उजव्या चाकांचे एकदमच.
- कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलची नळी) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.
- पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा हातही नको.
- गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.