मावसभावाचा बिटकॉइन आणि लेकीची फी

डिचोलीहून एका ताईंनी लिहिलंय. त्यांची आठ लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पुरी होते. घरखर्च महिना पंचेचाळीस हजार, मुलगी दहावीत, तिला इंजिनिअरिंग करायचंय. बंगळुरूच्या मावसभावाने २०१३ साली बिटकॉइन, म्हणजे संगणकावर चालणारं आभासी नाणं, घेतलं आणि आता पर्वरीला फ्लॅट घेतला. तो म्हणतो, ‘अजून सुरुवातच आहे, निम्मे तरी घाल.’ घालू का, असं ताईंनी विचारलंय.

नको, ताई. निम्मे नको, पाव हिस्साही नको. भाऊ खोटं बोलत नाही, त्याला खरंच फायदा झालाय. म्हणूनच तेव्हा आत शिरलेली माणसं कोण होती आणि कशासाठी शिरली होती, हे आधी बघू.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा ऑक्टोबर २००८ मध्ये मांडला गेला. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीच्या पहिल्या पानात, लंडनच्या वृत्तपत्राचा मथळा टाकलेला आहे, तोही ब्रिटिश सरकार बँकांना दुसऱ्यांदा सावरायला निघाल्याचा. सुरुवातीची मंडळी बहुतेक प्रोग्रामर होती. बँका आणि सरकार यांच्यावाचून पैसा चालतो का, हे त्यांना बघायचं होतं. घातलं काय, तर घरचा संगणक, वीज आणि रात्रीची झोप. २२ मे २०१० रोजी एकाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले. लोक त्याला वेडा म्हणतात, मला तसं वाटत नाही. या नाण्याने खरंच काही विकत घेता येतं का, हे त्याला पाहायचं होतं, आणि ते त्याने पाहिलं.

२०१३ मध्ये बिटकॉइन वापरणाऱ्यांची एक ऑनलाइन पाहणी झाली. उत्तरं देणारे जवळजवळ सगळे पुरुष, सरासरी वय बत्तिशीच्या आसपास. कारणांत कुतूहल, नफा आणि राजकीय विचार हे ठळक. अशा पाहणीला उत्साही माणूसच उत्तर देतो. पासवर्ड हरवून किंवा कंटाळून बाजूला झालेला त्यात सापडणं कठीण. मावसभावाचा फ्लॅट आपल्याला दिसतो, बाकीचे दिसत नाहीत, तेही याच कारणाने.

भावाला एक विचारा: तेव्हा घातलेली रक्कम तुझ्या किती पगारांची होती, आणि घरात कोण अवलंबून होतं? डिसेंबर २०१३ मध्ये अकराशे डॉलरच्या वर गेलेला भाव जानेवारी २०१५ मध्ये दोनशेच्या खाली आला होता. मधल्या काळात माउंट गॉक्स हे तेव्हाचं मोठं एक्स्चेंज, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याचा ऑनलाइन बाजार, बुडालं. मावसभाऊ थांबू शकला, कारण त्या पैशाची कुणी वाट बघत नव्हतं. तुमच्या पैशाची मुलगी वाट बघतेय, आणि कॉलेजची फी भरायची तारीख भाव वर येईपर्यंत थांबत नाही. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या एका वर्षात तर भाव पाऊण हिश्शाहून जास्त घसरला.

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आधी ट्रक घेतलेल्यांनी कर्जं फेडली, घरंही बांधली. त्यांच्याकडे बघून २०११ मध्ये ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला, त्यांच्या दारात सप्टेंबर २०१२ च्या खाणबंदीपासून तो उभा राहिला. ट्रक तोच, रस्ता तोच. माझ्याकडे त्यातली काही कुटुंबं हप्त्यांचे कागद घेऊन आली होती, ते चेहरे मी विसरलेलो नाही.

कराचंही लक्षात घ्या. नफ्यावर तीस टक्के, वर उपकर. एका नाण्यात लाख मिळाले आणि दुसऱ्यात लाख गेले, तरी मिळालेल्या लाखावर ३१,२०० रुपये भरावे लागतात, कारण तोटा वजा होत नाही. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा एक्स्चेंजवरच्या नाण्यांना नाही.

आता आठ लाखांचं. पावणेतीन लाख, म्हणजे साधारण सहा महिन्यांचा खर्च, केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत वेगळे ठेवा. उरलेले सव्वापाच लाख मुलीचे. ते दोन ठेवींत विभागा, एक अकरावीच्या शेवटी पुरी होणारी, दुसरी बारावीच्या निकालाच्या सुमारास.

कुतूहल असेल तर ते जरूर भागवा, पण ठेवीतून नाही. महिन्याच्या बचतीतून हजार रुपये, तेही वर्षभरच, आणि एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर. ठेवीच्या पावतीवर आपोआप नूतनीकरणाची खूण आहे का, ते मात्र याच आठवड्यात बँकेत जाऊन बघा. असेल तर काढायला सांगा, नाहीतर आठही लाख पुन्हा एकाच मुदतीत अडकतील.